सलाइनच्या पट्टीखालची कातडी

प्रति,
अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातल्या पालिकेच्या, सरकारी व खासगी रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक, मेट्रन, स्टोअर आणि खरेदी विभाग, तसेच नर्सिंग होमचे मालक-डॉक्टर यांस,



पत्राचा विषय चिकटपट्टी आहे. तुमच्या टेबलावर औषधांची टंचाई, नादुरुस्त मशिनं, संतापलेले नातेवाईक आणि ऑडिटच्या फायली असताना एक निवृत्त बाई चिकटपट्टीवर पत्र लिहिते, याचं हसू आलं तर येऊ द्या. माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली. हसण्यावारी नेलेल्या बारीकसारीक गोष्टीच पेशंटला जास्त छळतात, हे तिथेच पाहिलं.

सलाइनची सुई, म्हणजे आपण सगळे ज्याला व्हेनफ्लॉन म्हणतो ते, हलू नये म्हणून पट्टीने बसवतात. ती पट्टी काढताना तरण्या माणसाचे केस ओढले जातात, तो जरा तोंड वाकडं करतो आणि विसरतो. ज्यांची कातडी पातळ झाली आहे त्यांच्या हातावरून मात्र पट्टीबरोबर कातडीही निघते. कधी नखाएवढी, कधी पट्टीच्या पूर्ण रुंदीची. ही जखम घेऊन पेशंट आपल्याकडे आलेला नसतो. ती आपण केलेली असते, उपचार करता करता, आणि ती कुठेच लिहिली जात नाही. माझं मुख्य गाऱ्हाणं हेच आहे. बाकीचं त्याच्या अनुषंगाने.

पातळ कातडी म्हटलं की म्हातारी माणसं डोळ्यांसमोर येतात, आणि ते बरोबरच आहे. कातडीचा वरचा थर आणि त्याखालचा थर तरुणपणी दातेरी खाचांनी एकमेकांत घट्ट अडकलेले असतात. वय वाढतं तशा त्या खाचा सपाट होत जातात, खालच्या थरातलं कोलॅजन घटतं, आणि वरचा थर नुसता अंथरल्यासारखा उरतो. कोपरापासून मनगटापर्यंत जांभळट-काळे डाग दिसले, कातडी चिमटीत धरल्यावर लवकर खाली बसेना, की समजायचं. पण यादी म्हाताऱ्यांवर संपत नाही. दम्यासाठी, सांध्यांसाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे आले. केमो घेणारे आले. डायलिसिसचे पेशंट आले. फिस्टुलाच्या हाताला सुई लावायची नाही, त्यामुळे प्रत्येक खेपेला दुसऱ्या बिचाऱ्या हातावरच पाळी. अंगावर सूज चढलेले, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेले, पेम्फिगससारख्या आजारात अंगभर फोड आलेले. दिवस पुरे भरण्याआधी जन्मलेली बाळं, ज्यांचा वरचा थर अजून नीट तयारही झालेला नसतो. आणि पावसाळ्यात आपले वॉर्ड भरून टाकणारे डेंग्यूचे पेशंट. त्यांची कातडी सोलत नसेल, पण प्लेटलेट उतरलेल्या असताना पट्टी खेचली की खाली रक्त साकळतं, आणि नातेवाईक विचारतात, "सिस्टर, इथे मार लागला का?"

पट्टीपट्टीत फरक असतो, हेही आपण सोयीस्कर विसरतो. डायनाप्लास्ट जाड, ताणली जाणारी आणि हट्टी. मायक्रोपोर कागदी आणि हलकी, म्हणून तिच्याकडे कुणी संशयाने पाहत नाही. वॉर्डात वापरल्या जाणाऱ्या बहुतेक पट्ट्यांचा गोंद ॲक्रिलेटचा असतो. तो लावताक्षणी पुरता धरत नाही. अंगाच्या उबेने पसरत जातो आणि त्याची पकड तासागणिक वाढते. सोमवारी सकाळी सहज उचलता आली असती ती पट्टी गुरुवारी कातडीशी एकजीव झालेली असते, आणि आपण सुई काढतो ती नेमकी गुरुवारी. सिलिकॉनच्या गोंदाचं असं नाही. पहिल्या तासाला त्याची पकड जेवढी, साधारण तेवढीच चौथ्या दिवशी. तो उचलून पुन्हा बसवताही येतो. पण तो मुळात हलका धरतो, घामाघूम हातावर सुटू शकतो, हेही सांगायला हवं. कंपनीचा माणूस ही दुसरी गोष्ट सांगणार नाही.

आता आमच्या मुलुंड पूर्वेच्या इमारतीतली एक गोष्ट सांगते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी न्यूमोनियातून बऱ्या होऊन घरी आल्या. अँटिबायोटिकची थोडी इंजेक्शनं उरली होती, म्हणून व्हेनफ्लॉन हातातच ठेवून सोडलं होतं. रोज रिक्षाने जवळच्या नर्सिंग होममध्ये जायचं आणि इंजेक्शन घेऊन यायचं. आपल्या उपनगरांत हे सर्रास चालतं आणि त्यात गैर काही नाही, खाट अडत नाही, बिल वाढत नाही. शेवटच्या दिवशी व्हेनफ्लॉन काढलं. संध्याकाळी त्यांचा मुलगा खाली आमच्या दारात. "सिस्टर, जरा येता का वर? आईचा हात बघा."

व्हेनफ्लॉन मनगटाजवळ, हात वाकतो नेमक्या त्या जागी लावलेलं होतं. वाकण्याने ते हलायचं. हललं की दुखायचं, गळायचं. मग रोज कुणीतरी आधीच्या पट्टीवर आणखी एक पट्टी चढवायचं, आणि शेवटची पट्टी तर हाताभोवती पूर्ण वेढा घालून. असा तो थरांवर थर एका झटक्यात निघाला होता. वरची कातडी उठून एका कडेला कांद्याच्या पापुद्र्यासारखी गोळा झाली होती, खाली लालभडक ओली जागा. त्यावर कापसाचा बोळा, आणि बोळा पडू नये म्हणून पुन्हा मायक्रोपोर! आजी म्हणाल्या, "अगं, ताप गेला, खोकला गेला, हा मेला हात तेवढा ऐकेना." न्यूमोनिया उतरायला लागले त्याहून जास्त दिवस ती जखम भरायला लागले. ज्या कागदावर रोजच्या इंजेक्शनांची नोंद होती तो मी मागून पाहिला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'आयव्ही काढले.' अक्षर सुबक होतं.

ते नर्सिंग होम कोणतं, हे मी सांगणार नाही, विचारूही नका. तिथल्या मुलीला मी दोष देत नाही. तिला ज्या शिफ्टमध्ये जेवढे पेशंट दिले जातात, जी पट्टी हातात दिली जाते आणि जे शिकवलं जातं, त्यात तिने काम केलं. पट्टी झटकन ओढली की कमी दुखतं, ही समजूत तर घरोघरी आहे. गुडघा फुटलेल्या पोराच्या बाबतीत ती चालूनही जाते. ऐंशीच्या घरातल्या हातावर नाही.

मुंबईच्या नर्सेसना कातडी सांभाळता येत नाही, असं तर कुणी म्हणूच नये. परळच्या केईएममध्ये अरुणा शानबाग १९७३ पासून १८ मे २०१५ पर्यंत खाटेला खिळून होत्या. त्या स्वतः तिथल्याच परिचारिका. एवढ्या वर्षांत त्यांच्या अंगावर बेडसोअर होऊ दिला नाही, ही तिथल्या परिचारिकांची कामगिरी सर्वोच्च न्यायालयात ७ मार्च २०११ रोजी निकाली निघालेल्या खटल्यापर्यंत पोचली. त्या निकालातला मोठा प्रश्न वेगळा, तो इथे नको. मला दिसतं ते एवढंच, की ज्या जखमेला व्यवस्थेने महत्त्व दिलं ती जखम आम्ही होऊ दिली नाही. बेडसोअर म्हणजे नर्सिंगची अब्रू, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून पढवलेलं असतं. कूस बदलल्याची वेळ चार्टवर लिहायची, पाठीला हात लावून पाहायचं, झालाच तर मेट्रनसमोर उभं राहायचं. एनएबीएचच्या गुणवत्ता निर्देशकांत तो आज मोजला जातो. १९८७ साली प्रसिद्ध झालेला ब्रेडन स्केल कितीतरी रुग्णालयांत भरला जातो: संवेदना, ओलावा, हालचाल, चालणं-फिरणं, आहार, घर्षण, प्रत्येकाला गुण. त्या सहा रकान्यांत चिकटपट्टी कुठेच नाही. त्याच खाटेवर, त्याच पेशंटच्या पाठीची एवढी काळजी आणि हाताची मात्र बेवारशी अवस्था.

जगात हा विषय नवा नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून चिकट साधनांनी होणाऱ्या त्वचेच्या इजांवर २०१३ साली निवेदन प्रसिद्ध केलं आणि व्याख्या अगदी वॉर्डात वापरता येईल अशी दिली: पट्टी काढल्यावर लाली अर्धा तास किंवा त्याहून जास्त टिकली, किंवा फोड आला, साल निघाली, चीर पडली, तर ती इजा धरायची. सोललेल्या कातडीचं वर्गीकरणही सोपं आहे. उठलेलं सालपट पुन्हा जागेवर बसून जखम पूर्ण झाकत असेल तर पहिला प्रकार, काही भाग गेला असेल तर दुसरा, सालपटच उरलं नसेल तर तिसरा. स्टाफ नर्सला हे शिकवायला चहाच्या वेळेएवढा वेळ पुरतो. तेव्हा चार्टवर एक ओळ वाढवा. सुई काढल्याची वेळ लिहिता, तिच्या शेजारी कातडी कशी आहे ते लिहायला लावा. साबूत, लाल, की सोललेली, आणि सोललेली असेल तर प्रकार एक, दोन की तीन. डिस्चार्ज कार्डावरही तेच.

पण सोलल्यावर लिहिण्याआधी, भरती होतानाच बाही वर करून दोन्ही हात पाहायला हवेत. आजार विचारतो, ॲलर्जी विचारतो, दागिने उतरवून सही घेतो. तसंच 'मागे कधी पट्टीने कातडी निघाली होती का?' एवढं विचारायचं. नातेवाईक लगेच सांगतात, त्यांना ते पाठ असतं. मग केस पेपरवर ठळक लिहा, की कातडी पातळ आहे, साधी पट्टी लावू नये. तिन्ही शिफ्टला ते दिसलं पाहिजे. नाहीतर सकाळच्या सिस्टरने जपलेलं नाइटच्या ब्रदरच्या हातून जातं, बिचाऱ्याला माहीतच नसतं.

लावण्याबद्दल आता जरा सविस्तर लिहिते, कारण काढताना होणारी निम्मी जखम लावतानाच ठरून गेलेली असते.

जागा आधी. हाताच्या पाठीवर शीर पटकन दिसते म्हणून आपण तिथे जातो. म्हाताऱ्या माणसाची तिथली कातडी सगळ्यात पातळ, आणि शीर खाली पळणारी. मनगट आणि कोपराची खळगी तर वाकण्याच्या जागा. मनगट आणि कोपर यांच्या मधला सपाट भाग मिळाला तर तो घ्यावा. इन्फ्युजन नर्सेस सोसायटीची मानकंही तेच सांगतात. सुई शक्य तेवढी बारीक, निळी किंवा पिवळी. रक्त चढवायचं नसताना, ऑपरेशन नसताना हिरवीचा आग्रह कशाला? टुर्निके उघड्या कातडीवर करकचून बांधला की तिथेच चीर पडते, म्हणून तो गाउनच्या बाहीवरून बांधावा. केस असतील तर कात्रीने कापावेत, वस्तरा नको.

मग स्पिरिट किंवा क्लोरहेक्सिडिन. ते पूर्ण वाळू द्या. फुंकर घालून नाही, हाताने वारा घालून नाही, आपोआप. ओल्यावर पट्टी लावली की ओल खाली अडकते, कातडी भिजून फुगते आणि मऊ पडते. एरवी अर्ध्या मिनिटाचं काम. जुलैच्या दमट हवेत, पंखा बंद असलेल्या वॉर्डात जास्त वेळ लागेल. तेवढं थांबायला आपण तयार नसतो. त्या काळात एक पट्टी ट्रॉलीच्या दांड्याला आधीच फाडून लटकवलेली असते, तिच्यावर काय काय बसून गेलेलं असतं देव जाणे. पट्टीचा रोल या खाटेवरून त्या खाटेवर फिरतो, खिशात जातो, सलाइनच्या स्टँडला लटकतो. पातळ कातडीच्या पेशंटला त्याचा वेगळा छोटा रोल द्या, त्याच्यासोबतच टाकून द्या.

कातडी वाळली की बॅरियर फिल्म. छोट्या स्पंजाने लावायचं द्रव, अल्कोहोल नसलेलं घ्यावं म्हणजे झोंबत नाही. वाळलं की पारदर्शक पापुद्रा तयार होतो, आणि पट्टी त्या पापुद्र्याला चिकटते, कातडीला नाही. त्यावर सुईची जागा दिसेल असं पारदर्शक ड्रेसिंग, मध्यापासून बाहेरच्या कडांकडे बोटाने दाबत, न ताणता. हे 'न ताणता' मला मोठ्या अक्षरांत छापून हवं आहे. ताणून लावलेली पट्टी पूर्ववत व्हायला बघते आणि सोबत कातडी ओढते. काढण्याआधीच तिच्या कडेला फोड येतात. सुईच्या पंखांखाली गॉझची बारीक घडी ठेवली तर प्लास्टिक रुतत नाही. सलाइनची नळी वळवून वेगळी बांधा, म्हणजे कूस बदलताना बसणारा हिसका सुईपर्यंत पोचत नाही. आणि हाताभोवती पूर्ण वेढा कधीच नाही. हात सुजला की तो वेढा फास होतो.

ज्यांना चिकट काही लावायचंच नाही, भाजलेले, फोडांच्या आजारातले, काही नवजात, त्यांच्यासाठी नळीसारखी जाळीची पट्टी मिळते, हातात बाहीसारखी चढवायची. खाली न चिकटणारा गॉझ. सुईची जागा दर शिफ्टला उघडून पाहता आली पाहिजे, म्हणून जाड रोलर बँडेज गुंडाळून ती पुरून टाकू नये. आत सलाइन बाहेर जाऊन हात टम्म फुगला तरी वरून कळत नाही.

आता काढणं. पहिली गोष्ट, घाई असेल तर काढू नका. पंधरा मिनिटांनी काढलं म्हणून काही बिघडत नाही, फक्त डिस्चार्जच्या गर्दीत, खाली टॅक्सी थांबलेली असताना, नातेवाईक चपला घालून दारात उभे असताना काढू नका. पट्टीची कड ओली करा. गोंद सोडवणारा रिमूव्हर असेल तर उत्तम. नसेल तर सलाइनमध्ये भिजवलेला गॉझ, आणि त्या जागी पुन्हा काही चिकटवायचं नसेल तर थोडं खोबरेल. उघड्या जखमेपासून आणि सुईच्या भोकापासून मात्र लांब. खोबरेलची बाटली नाही असं घर आपल्याकडे नाही आणि वॉर्डात ती मावशींकडे असतेच, त्यासाठी इंडेंट लागत नाही. कड सुटली की एका हाताची बोटं कातडीवर ठेवून ती खाली दाबून धरायची, आणि दुसऱ्या हाताने पट्टी उलट दुमडून, हाताला समांतर, केसांच्या दिशेने हळूहळू मागे न्यायची. वर उचलून ओढायची नाही. जिथे सुटत नाही तिथे पुन्हा ओलं करायचं. पेशंटशी बोलत राहायचं. आणि सुई निघाल्यावर त्या भोकावर गॉझ ठेवून बोटाने दाबून धरायचं, थोडा वेळ, स्वतः. कापसाचा बोळा आणि पट्टी लावून पळायचं नाही.

एवढं करूनही साल निघालीच तर सलाइनने धुवा आणि ओल्या कापसाच्या काडीने सालपट हळूच मूळ जागी पसरवा. ते कापून टाकू नका, तेच सगळ्यात चांगलं ड्रेसिंग आहे. वर पॅराफिन गॉझ किंवा सिलिकॉनची जाळी, त्यावर सैल रोलर बँडेज, चिकटपट्टी नाही. बँडेजवर पेनाने बाण काढून ठेवा, सालपट ज्या दिशेने बसवलं त्या दिशेने. पुढच्या वेळी उघडणाऱ्याला कळलं पाहिजे कुठून उचलायचं. आमच्या आजींच्या हातावर मी असा बाण काढला तेव्हा त्यांचा नातू म्हणाला, हे तर वन-वेचं चिन्ह. तेच आहे.

आता स्टोअर आणि खरेदी विभागाशी बोलते. तुमचं म्हणणं मला पाठ आहे: सुईपेक्षा पट्टी महाग, नाकापेक्षा मोती जड. सिलिकॉनची पट्टी, बॅरियर फिल्म, रिमूव्हर यांचे भाव साध्या रोलच्या कितीतरी पट, हे मी नाकारत नाही. सगळ्यांना लावा, असं मी म्हणतही नाही. २०१८ साली लॅन्सेटमध्ये ऑस्ट्रेलियातला एक मोठा अभ्यास आला. अठराशेहून जास्त पेशंट, सुई बसवण्याच्या चार पद्धती. साध्या पारदर्शक ड्रेसिंगपेक्षा महागड्या पद्धतींनी सुया लक्षणीय जास्त टिकल्या असं दिसलं नाही. चारही गटांत चाळीस टक्क्यांच्या आसपास सुया काम संपायच्या आतच निकामी झाल्या. म्हणजे धडधाकट कातडीच्या पेशंटवर पैसे उधळण्यात अर्थ नाही. तो अभ्यास सुई टिकते का हे पाहत होता. माझा प्रश्न पट्टी काढताना कातडी टिकते का, हा आहे, आणि तो काही मोजक्या पेशंटपुरता आहे. भरतीच्या वेळी हात पाहून निवडलेल्यांपुरता साठा प्रत्येक वॉर्डात एका डब्यात ठेवा. डब्यावर नाव लिहा, किल्ली सिस्टर इन्चार्जकडे असू दे, पण नाइटला ती मिळाली पाहिजे. किल्ली घरी गेलेली कपाटं मी पुष्कळ पाहिली आहेत.

खासगीवाल्यांची अडचण निराळी आहे आणि ती खरीही आहे. आरोग्य विम्याच्या पॉलिसीच्या शेवटी बारीक अक्षरांत याद्या छापलेल्या असतात. त्यांत कापूस, गॉझ, सर्जिकल टेप अशा वस्तू प्रोसिजरच्या खर्चातच धरलेल्या असतात, त्यांचे वेगळे पैसे विमा कंपनी देत नाही. म्हणजे पट्टी जितकी स्वस्त घ्याल तितकं तुमच्या खिशात. हे बोलायला कुणाला आवडत नाही, पण हिशेब तसाच आहे. त्याच्या दुसऱ्या बाजूला सोललेल्या हाताचं रोजचं ड्रेसिंग, त्यासाठी जाणारा नर्सचा वेळ, जंतुसंसर्ग झालाच तर वाढलेला मुक्काम, आणि बिलावरून आधीच तापलेला मुलगा हे मांडा. तुमचा अकाउंटंट माझ्यापेक्षा हुशार असेल.

एक खर्च तर उलट कमी करता येईल. ठरावीक तास झाले की चालू असलेली, न दुखणारी, न सुजलेली सुई काढून दुसरीकडे लावायची, ही प्रथा अजून अनेक ठिकाणी आहे. प्रत्येक बदल म्हणजे एक पट्टी ओढणं आणि एक नवी जखमेची संधी. २०१२ साली लॅन्सेटमध्येच आलेल्या ३,२८३ पेशंटच्या अभ्यासात दर तिसऱ्या दिवशी सुई बदललेल्या आणि गरज पडेल तेव्हाच बदललेल्या, अशा दोन्ही गटांत शिरेला सूज येण्याचं प्रमाण सारखंच, ७ टक्के निघालं. अट एकच, की ती जागा दर शिफ्टला खरोखर पाहिली गेली पाहिजे. चार्टवर न पाहता बरोबरची खूण करणारा वॉर्ड असेल तर आपली जुनी प्रथाच बरी. आणि त्याहून सोपा प्रश्न राउंडला रोज विचारा: या पेशंटला सुई अजून हवीच आहे का? तोंडाने जेवतोय, गोळ्या गिळतोय, तरी 'असू दे, लागली तर' म्हणून व्हेनफ्लॉन हातात. ते 'असू दे' बंद करा.

घरी सोडताना सुई ठेवून पाठवत असाल तर सोबत एक कागद द्या, मराठीत आणि पेशंटला वाचता येईल त्या भाषेत. सुई कधी लावली, कुठली पट्टी आहे, कशी काढायची, काय दिसलं तर लगेच यायचं. नर्सिंग ब्यूरोकडून आलेल्या मावशी रात्री घरात असतात, त्यांनाही तो वाचून दाखवायला सांगा. बोरिवली-मुलुंडच्या कित्येक घरांत आता दोन म्हातारी माणसं आणि एक ब्यूरोची मुलगी एवढंच असतं, मुलं अमेरिकेत किंवा पुण्यात.

मी सुचवलेली ओळ चार्टवर आली तर पहिल्या महिन्यात काय होईल ते आधीच सांगून ठेवते. आकडा वाईट येईल. आजवर शून्य दिसत होता तिथे एकदम इतक्या जखमा कुठून आल्या, म्हणून मीटिंग लागेल. कुणीतरी म्हणेल, अमुक वॉर्डाच्या सिस्टर निष्काळजी आहेत, त्यांना मेमो द्या. तसा एक मेमो निघाला की दुसऱ्या महिन्यापासून सगळ्या कातड्या कागदावर साबूत होतील आणि पट्ट्या होत्या तशाच ओढल्या जातील. ज्या वॉर्डाचा आकडा सगळ्यात मोठा, त्या वॉर्डाने सगळ्यात प्रामाणिकपणे पाहिलं, असं पहिले सहा महिने तरी धरून चाला. नव्या पट्टीचा डबा आधी त्यांनाच द्या.

कळावे,
आपली,
एक निवृत्त परिसेविका
मुलुंड (पूर्व)